आजचं तिकीट, आजचा भाव

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधले नाटकवाले आपली पोस्टरं दुकानांच्या दर्शनी काचांमध्ये लावायला देत. त्याबद्दल दुकानदाराला भाडं मिळत नसे, दोन-चार फुकट पास मिळत. हंगेरीहून आलेल्या ज्यो लेब्लांग नावाच्या एका तंबाखूवाल्याच्या ध्यानात आलं, की आसपासच्या बऱ्याच दुकानदारांना नाटकात काडीचा रस नाही आणि त्यांचे पास गल्ल्यात पडून वाया जातात. त्यानं ते पास विकत घ्यायला आणि थोडा नफा ठेवून पुढे विकायला सुरुवात केली. धंदा इतका फोफावला, की काही वर्षांनी खुद्द थिएटरवालेच न खपलेली तिकिटं त्याच्याकडे धाडू लागले. टाइम्स स्क्वेअरमध्ये ग्रेज ड्रगस्टोअर नावाचं औषधांचं दुकान होतं. त्याच्या तळघरात लेब्लांगचा बाजार भरे. प्रयोगाची वेळ जवळ येई तसतसे भाव उतरत, आणि आज कुठलं तरी नाटक बघायचंच आहे पण खिसा हलका आहे, अशांची गर्दी तो जिना उतरे. लेब्लांग १९३१ मध्ये वारला. ब्रॉडवेवर आज त्याच दिवसाचं स्वस्त तिकीट मिळवण्याचे जे मार्ग आहेत, त्यांतले बरेचसे या तळघरातून निघालेले आहेत.

नाटकाच्या खुर्चीइतका नाशवंत माल दुसरा नाही. मंडईतली मेथीची जुडी निदान दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या भावात जाते. तिसरी घंटा झाली की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते, आणि ती संध्याकाळ पुन्हा विकायला काढता येत नाही. खर्च मात्र तसूभरही कमी होत नाही. प्रेक्षागृहात पाचशे माणसं असोत की पंधराशे, नटांचे पैसे, वादकांचे पैसे, रंगमंचामागच्या कामगारांचे पैसे, थिएटरचं भाडं सगळं तेवढंच. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात हेच दुखणं मांडलं. कारखान्यात यंत्र आलं की कमी माणसांत जास्त माल निघतो, पण चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांनंतरही चौघांनीच वाजवावी लागते. बाकीच्या जगातले पगार वाढले की कलावंतांचेही वाढवावे लागतात, त्यांचं ‘उत्पादन’ मात्र वाढत नाही. म्हणून नाटकाचं तिकीट महागाईच्याही पुढे धावतं. गेल्या काही वर्षांत ब्रॉडवेचं सरासरी तिकीट सव्वाशे डॉलरच्या आसपास गेलं आहे, आणि ही सरासरी झाली. गाजणाऱ्या संगीतिकेच्या चांगल्या खुर्चीला त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे पडतात.

मग उरलेल्या खुर्च्या स्वस्तात विकून टाकायला काय हरकत आहे? निर्मात्याची अडचण इथेच आहे. संध्याकाळी पाच वाजता तिकीट निम्म्यात मिळतं हे एकदा कळलं, की महिनाभर आधी पूर्ण पैसे मोजायला कोण येईल? थिएटरवाल्यांनी यावर जी तोड काढली ती मोठी चतुर आहे. सवलत द्यायची, पण ती मिळवणं त्रासाचं ठेवायचं. ज्याला आठव्या रांगेतली मधली खुर्ची शनिवारी रात्रीच हवी आहे तो त्या त्रासात पडणार नाही आणि पूर्ण पैसे देईल. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो त्रास सोसेल. स्वस्त तिकिटाची बाकीची किंमत अशी डॉलर सोडून दुसऱ्या चलनात वसूल होते, मग ते चलन वेळ असेल, नशीब असेल नाहीतर पायांतलं बळ. ब्रॉडवेवरच्या कुठल्याही सवलतीपुढे उभे राहिलात की आधी स्वतःला विचारा, हे माझ्याकडून यांपैकी काय घेणार आहेत?

वेळ घेणारी सगळ्यांत नामांकित जागा म्हणजे टाइम्स स्क्वेअरमधली ‘टीकेटीएस’ची खिडकी. साठच्या दशकाच्या शेवटी ब्रॉडवेची अवस्था वाईट होती. प्रेक्षक उपनगरात निघून गेलेले, घरोघरी टीव्ही, आणि टाइम्स स्क्वेअरची कीर्ती अशी की संध्याकाळनंतर तिकडे फिरकायला लोक बिचकत. १९६८ मध्ये ‘थिएटर डेव्हलपमेंट फंड’ ही ना-नफा संस्था निघाली, आणि तिनं २५ जून १९७३ रोजी ४७व्या रस्त्याच्या तोंडाशी, डफी स्क्वेअर नावाच्या चिंचोळ्या त्रिकोणात ही खिडकी उघडली. बांधकामही तात्पुरतंच होतं. पाइपांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि मोठाली चार अक्षरं. लोक पूर्ण दराचं तिकीट घेणं सोडून देतील ही भीती निर्मात्यांना होतीच. झालं उलटं. जे नाटकाला येतच नव्हते ते येऊ लागले. तात्पुरता मांडव तीसेक वर्षं टिकला. त्याच्या जागी २००८ मध्ये लाल काचेच्या २७ पायऱ्या आल्या. वर पर्यटक बसून फोटो काढतात आणि त्यांच्या पायांखाली तिकिटं विकली जातात. ज्या लोकांना पायऱ्यांचा फोटो ठाऊक असतो त्यांतल्या अनेकांना खाली काय चालतं याचा पत्ता नसतो.

खिडकीवर एक मोठा फलक असतो. त्यावर त्या दिवशी उपलब्ध असलेल्या नाटकांची नावं आणि पुढे सवलतीचा आकडा. वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत, आणि दर तिकिटामागे काही डॉलर सेवाशुल्क. कुठलं नाटक फलकावर येणार हे खिडकी ठरवत नाही, प्रत्येक थिएटर ठरवतं, आणि दिवसभर ठरवत राहतं. दुपारी चाळीस टक्के असलेलं नाटक संध्याकाळी पन्नासवर येऊ शकतं किंवा नाहीसंही होऊ शकतं. म्हणून खिडकी उघडण्याआधीपासून तासभर उभं राहण्यात, मला विचाराल तर, फारसा अर्थ नाही. सुरुवातीला रांग सगळ्यांत लांब असते. प्रयोगाला दीड-दोन तास उरले की रांग ओसरते, आणि त्याच सुमाराला थिएटरांनी पाहुण्यांसाठी, समीक्षकांसाठी, नटांच्या नातलगांसाठी अडवून ठेवलेल्या जागा मोकळ्या सुटतात. या शेवटच्या जागा अनेकदा मधल्या रांगांतल्या, उत्तम असतात. अर्थात तुम्ही आधीच मनात एकच नाटक धरून गेला असाल तर ही पद्धत तुमच्या कामाची नाही. तीन-चार नावं मनात ठेवून जाणाऱ्यासाठी ती आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तिथे फक्त गद्य नाटकांसाठी वेगळी खिडकी असते. पर्यटकांना हवी असतात संगीतिकांची तिकिटं, त्यामुळे गद्य नाटकांची रांग पाच-दहा माणसांची असते. ज्याला इंग्रजी कळतं आणि नटांचं काम बघायचं आहे त्यानं त्या रांगेत उभं राहावं. मोठे नट तीन-चार महिन्यांसाठी ब्रॉडवेवर येतात ते बहुतेक वेळा गद्य नाटकातच. शिवाय एकदा इथून तिकीट घेतलंत की ते जपून ठेवा. सात दिवसांच्या आत ते घेऊन परत आलात तर मोठी रांग टाळून थेट खिडकीशी जाण्याची सोय आहे. फलकावर या क्षणी काय आहे ते संस्थेच्या ॲपवर घरबसल्या दिसतं. रांगेतल्या माणसांना कोट घातलेली मंडळी येऊन भिडतात, ‘आमच्याकडे याहून स्वस्त आहे’ म्हणतात आणि भलत्याच कार्यक्रमाचं तिकीट गळ्यात मारतात. त्यांच्याकडे पाहायचंही नाही.

लंडनला ही कल्पना १९८० मध्ये पोचली. लेस्टर स्क्वेअरच्या बागेत अर्ध्या दरातल्या तिकिटांची खिडकी सुरू झाली आणि पुढे तिनंही टीकेटीएस हेच नाव घेतलं. त्या चौकाभोवतीच्या गल्ल्यांत ‘हाफ प्राइस’च्या पाट्या लावलेली खासगी दुकानं ढिगानं आहेत. खरी खिडकी बागेत, स्वतंत्र इमारतीत आहे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

टीकेटीएसवर एक प्रकारचं नाटक सहसा दिसत नाही, ते म्हणजे धो धो चालणारं. ज्याची तिकिटं तीन महिने आधी संपतात त्याला खिडकीची गरज काय? अशा नाटकाचं स्वस्त तिकीट दुसऱ्या वाटेनं येतं, आणि त्या वाटेची गोष्ट ‘रेंट’पासून सुरू होते.

जोनाथन लार्सनची ही संगीतिका न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये राहणाऱ्या, घरभाडं थकलेल्या तरुण कलावंतांची. जानेवारी १९९६ मध्ये, छोट्या थिएटरातल्या पहिल्या जाहीर प्रयोगाच्या दिवशी पहाटेच, लार्सन पस्तिशीतच अचानक वारला. नाटक मात्र असं गाजलं की एप्रिलमध्ये ते ब्रॉडवेवर, ४१व्या रस्त्यावरच्या नीडरलँडर थिएटरात आलं. तिथल्या दरात ज्यांच्यावर हे नाटक लिहिलंय त्यांना ते परवडणार नव्हतं. निर्मात्यांनी, जेफ्री सेलर आणि केविन मॅकॉलम यांनी, पहिल्या दोन रांगा रोज प्रयोगाच्याच दिवशी वीस डॉलरला विकायचं ठरवलं. सगळ्यांत मागच्या दोन रांगा का नाहीत?

मराठी माणसाला हे कोडं पडणं साहजिक आहे. आपल्या शिवाजी मंदिरात किंवा बालगंधर्वला पहिली रांग म्हणजे सर्वांत महाग आणि बाल्कनी म्हणजे स्वस्त. ब्रॉडवेवर भाव मध्यावर चढतो. रंगमंच उंच असतो, पहिल्या रांगेत मान वर करून बघावं लागतं, नृत्यात पाय दिसत नाहीत, म्हणून पाचव्या-दहाव्या रांगेतली मधली खुर्ची सर्वांत महाग. म्हणजे पहिल्या दोन रांगा स्वस्तात दिल्यानं निर्मात्याचं नुकसान तुलनेनं कमी होतं. फायदा मोठा होतो. रात्रभर फुटपाथवर झोपून तिकीट मिळवलेली पोरं नटांच्या अगदी पुढ्यात बसतात. ती हसतात, रडतात, टाळ्या पिटतात, आणि रंगमंचावरच्या माणसाला प्रेक्षागृहातला पहिला चेहरा दिसतो तो त्यांचा. ज्यांनी पूर्ण पैसे भरले ते मागे शांत बसलेले असतात. त्यांनाही ही ऊब लागते. त्या वीस डॉलरच्या मोबदल्यात निर्मात्याला असा प्रेक्षक मिळाला, जो पैसे देऊनही आणता येत नाही.

या पद्धतीला ‘रश’ असं नाव पडलं आणि ती आजही सर्वत्र चालू आहे. बहुतेक थिएटरांची खिडकी सकाळी दहाला उघडते. त्या दिवसाच्या प्रयोगाची काही तिकिटं तीस ते पन्नास डॉलरच्या दरम्यान, माणशी दोन, आधी येईल त्याला आधी. कुठे ही सवलत फक्त विद्यार्थ्यांना असते आणि ओळखपत्र दाखवावं लागतं, कुठे कुणालाही. काही नाटकांनी हा रश फोनवरच्या ॲपवर नेला आहे. तिथे पायपीट नाही, पण ठरल्या मिनिटाला बोट पडलं नाही तर हाती काही लागत नाही. तात्काळ तिकीट काढणाऱ्या आपल्या लोकांना या खेळाचं वेगळं प्रशिक्षण द्यायला नको.

‘रेंट’ची रांग मात्र अशी वाढली की मुलं आदल्या संध्याकाळपासून पथारी टाकू लागली. तो भाग त्या काळी रात्री फारसा सुरक्षित नव्हता. म्हणून १९९७ मध्ये निर्मात्यांनी रांग मोडून सोडत सुरू केली. प्रयोगाच्या काही तास आधी या, नाव टाका, चिठ्ठी निघेल त्याला तिकीट. वरवर पाहता हा सुरक्षेसाठी केलेला साधा बदल. प्रत्यक्षात चलनच बदललं. रांगेत निष्ठेला किंमत होती, जो जास्त वेळ देईल त्याला खात्रीनं जागा मिळायची. सोडतीत बारा तास देणारा आणि बारा मिनिटं देणारा दोघे सारखेच. नोकरी करणाऱ्या, लहान मूल असलेल्या, रात्रभर रस्त्यावर राहू न शकणाऱ्या माणसाला सोडतीनं पहिल्यांदा दार उघडं केलं. वेड्या चाहत्याचा हक्क मात्र गेला. दोन्हींत न्याय्य काय, यावर वाद घालता येईल. मी सोडतीच्या बाजूनं आहे, कारण रांगेतला वेळही शेवटी पैशानं विकत घेता येतो. न्यूयॉर्कमध्ये तासावर पैसे घेऊन तुमच्या वतीनं रांगेत उभं राहणाऱ्यांचा रीतसर व्यवसाय आहे. सेंट्रल पार्कमधल्या डेलाकोर्ट या खुल्या थिएटरात १९६२ पासून उन्हाळ्यात शेक्सपिअरचे प्रयोग होतात आणि ते सर्वांसाठी फुकट असतात. दुपारी तिकिटं वाटतात, माणशी दोन. रांग लागते पहाटेपासून, आणि त्या फुकटच्या रांगेतही भाड्यानं उभी केलेली माणसं सापडतात.

‘रेंट’नंतर सुमारे वीस वर्षांनी हाच जेफ्री सेलर ‘हॅमिल्टन’चा निर्माता होता. अलेक्झांडर हॅमिल्टन या अमेरिकेच्या पहिल्या अर्थमंत्र्याचं चित्र दहा डॉलरच्या नोटेवर आहे, म्हणून सोडतीच्या तिकिटाची किंमत ठेवली दहा डॉलर. जुलै २०१५ मध्ये पहिल्याच दिवशी ४६व्या रस्त्यावरच्या रिचर्ड रॉजर्स थिएटरसमोर पहिल्या रांगेतल्या २१ खुर्च्यांसाठी सातशेवर लोक जमले. इतके लोक रिकाम्या हातानं परत जाणार हे पाहून लेखक-गीतकार आणि नायक लिन-मॅन्युएल मिरांडा बाहेर आला आणि त्यांच्याशी चार शब्द बोलला. त्यातून रस्त्यावरच्या पाच-सात मिनिटांच्या कार्यक्रमांची प्रथाच पडली. कधी दुसऱ्या नाटकातले नट येऊन गात, कधी भूमिकांची अदलाबदल होई. तिकीट न मिळालेल्यांना काहीतरी मिळे, आणि त्याची ध्वनिचित्रफीत जगभर फिरे. जाहिरातीवर कोट्यवधी खर्चूनही हे साधलं नसतं.

गर्दीनं रस्ता अडू लागला, हिवाळा आला, आणि जानेवारी २०१६ मध्ये सोडत इंटरनेटवर गेली. पहिल्याच दिवशी पन्नास हजारांहून अधिक अर्ज आले आणि ती यंत्रणा कोसळली. दर खुर्चीमागे दोन हजारांवर अर्ज. अर्ज करायला काही खर्चच पडत नसेल, रस्त्यावर थंडीत जायचं नसेल, तर सगळं शहर अर्ज करतं आणि मग कुणालाच फारशी आशा उरत नाही. त्याच वर्षी ‘हॅमिल्टन’नं आपल्या सर्वोत्तम खुर्च्यांचा अधिकृत दर ८४९ डॉलर केला आणि सोडतीच्या जागा वाढवून ४६ केल्या. दोन्ही घोषणा एकाच वेळी. काळाबाजारवाला जो मलिदा खातो तो आपणच घ्यायचा आणि त्यातला चिमूटभर भाग दहा डॉलरवाल्यांना द्यायचा, असा हा उघड हिशेब होता. दानधर्म म्हणून याकडे पाहू नये, पण लबाडी म्हणूनही नाही.

म्हाडाच्या सोडतीत वर्षानुवर्षं अर्ज भरणाऱ्या मराठी माणसाला सोडतीचं मानसशास्त्र समजावून सांगण्याची गरज नाही. फक्त दोन सूचना. न्यूयॉर्कमध्ये बऱ्याच नाटकांच्या सोडती आदल्या दिवशी आणि काहींच्या आठवडाभर आधी असतात, तेव्हा त्या दिवशी सकाळी उठून शोधायला लागू नका. आणि घरातल्या प्रत्येकानं आपापल्या नावानं अर्ज करावा, कारण लागलेल्या एका नावावर बहुधा दोन तिकिटं मिळतात.

आता पायांकडे येऊ. उभ्याचं तिकीट हा सगळ्यांत जुना प्रकार. १५९९ मध्ये थॉमस प्लाटर नावाचा एक स्विस प्रवासी लंडनला आला होता. त्यानं लिहून ठेवलंय की नाटकाला एक पेनी दिली की उभं राहायचं, आणखी एक पेनी दिली की बसायला जागा, आणि तिसरी दिली की उशी. शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरची प्रतिकृती १९९७ मध्ये थेम्सच्या काठी उघडली, तेव्हा तिथल्या मोकळ्या अंगणात सुमारे ७०० जणांना उभं राहून नाटक पाहण्याची सोय ठेवली आणि दर ठेवला पाच पौंड. वीस वर्षांहून अधिक काळ तो दर हलला नाही, हल्ली थोडा वाढला आहे. अंगणावर छप्पर नाही. पाऊस आला तरी प्रयोग थांबत नाही आणि छत्री उघडू देत नाहीत, कारण मागच्याला दिसत नाही. रेनकोट चालतो. प्रयोग चालू असताना खाली बसायलाही मनाई आहे. पण नट याच गर्दीतून वाट काढत येतात, रंगमंचाच्या कडेवर तुम्ही कोपर टेकू शकता, आणि वर लाकडी बाकावर दसपट पैसे देऊन बसलेले लोक तुमच्याकडे हेव्यानं बघत असतात. २०१४ मध्ये तिथे ‘टायटस अँड्रॉनिकस’ हे शेक्सपिअरचं सर्वांत रक्तरंजित नाटक झालं तेव्हा उभ्या प्रेक्षकांतले कितीतरी जण चक्कर येऊन पडले. उपाशीपोटी जाऊ नये, हा त्यातला व्यावहारिक भाग.

व्हिएन्नाच्या ऑपेराची रीत याहून शिस्तीची. १८६९ मध्ये उघडलेल्या या वास्तूत आजही रोज शेकडो उभ्या जागा विकतात, त्याही दहा-वीस युरोंच्या घरात. त्यांतल्या सर्वोत्तम जागा तळमजल्यावर, जुन्या शाही सज्जाच्या अगदी खाली आहेत. आवाज तिथे उत्तम येतो, आणि चार पावलांवरच्या खुर्चीला दोनशेवर युरो पडतात. तिथली जुनी प्रथा अशी, की आत शिरल्यावर जागा धरायची आणि समोरच्या कठड्याला आपला स्कार्फ बांधायचा. मग खुशाल कॉफी पिऊन यायचं. त्या स्कार्फला कोणी हात लावत नसे. बस पकडताना खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवणाऱ्या आपल्याला हा नियम आवडेल, फक्त तिथे त्यावरून भांडणं होत नसत.

ब्रॉडवेवर उभ्याच्या जागा मोजक्या असतात. तळमजल्यावर शेवटच्या रांगेच्या मागे, टेकायला कठडा असलेल्या, क्रमांक घातलेल्या वीसेक जागा. अग्निशमनाच्या नियमांमुळे त्या मनाला येईल तशा वाढवता येत नाहीत. त्या विकतात तेव्हाच, जेव्हा प्रयोग पूर्ण हाऊसफुल्ल होतो. कारण उघड आहे. पुढे खुर्ची रिकामी असेल तर उभ्याचं तिकीट घेतलेला माणूस अंधार होताच तिथे जाऊन बसेल. ‘द बुक ऑफ मॉर्मन’ २०११ मध्ये आलं आणि तिकीट मिळेनासं झालं, तेव्हा सत्तावीस डॉलरच्या या जागांसाठी रोज सकाळी रांग लागे. बाल्कनीच्या टोकाला बसून अर्धा रंगमंच बघण्यापेक्षा मागे उभं राहून पूर्ण रंगमंच बघणं मी केव्हाही पसंत करीन. पण संगीतिका मध्यंतर धरून अडीच ते पावणेतीन तास चालते. गुडघे कुरकुरत असतील तर हा मार्ग सोडून द्यावा.

आता आपल्याकडे पाहू. इथे ‘करंट बुकिंग’ म्हणजे प्रयोगाच्या दिवशी, नाट्यगृहाच्या खिडकीवर, उरलेल्या जागा. दर तोच. शेवटच्या तासात बाल्कनीच्या शंभर खुर्च्या रिकाम्या दिसत असताना दारातल्या कॉलेजच्या पोराला पन्नास-शंभर रुपयांत आत घ्यावं, ही सोय मराठी निर्माते सहज करू शकतील. ओळखपत्र दाखवा, प्रयोगाआधी अर्धा तास या, मिळेल ती जागा घ्या. पूर्ण दर देणाऱ्याचा त्यात काही तोटा नाही, त्याला त्याची तिसरी रांग हवीच असते. तरुण प्रेक्षक येत नाही ही तक्रार प्रत्येक नाट्यसंमेलनात ऐकू येते. त्यावरचा एक उपाय १९७३ पासून टाइम्स स्क्वेअरमध्ये चालू आहे.

पुन्हा ब्रॉडवेकडे वळायचं तर, मुलाकडे किंवा मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या आईबाबांना एक खास फायदा आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्यांच्याकडे वेळ आहे. मुलं-सुना शनिवारशिवाय मोकळी नसतात, आणि शनिवार हा स्वस्त तिकिटाचा सर्वांत वाईट दिवस. तुम्ही मात्र बुधवारी दुपारच्या प्रयोगाला जाऊ शकता. एडिसनहून गाडी पेन स्टेशनला येते, तिथून थिएटरं चालत पंधरा-वीस मिनिटांवर. बसनं आलात तर पोर्ट अथॉरिटीचं स्थानक आणखी जवळ. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी कडाक्याची असते आणि पर्यटक पांगलेले असतात. त्या दिवसांत आणि सप्टेंबरातही एका तिकिटावर एक फुकट अशी अधिकृत योजना निघते. रश घ्यायचा नसेल तरी तिकीट थिएटरच्या खिडकीवरच घ्या, म्हणजे इंटरनेटवर लागणारं जादा शुल्क वाचतं. इंग्रजी उच्चार कळतील की नाही अशी धाकधूक असेल तर ज्याची गोष्ट आधी ठाऊक आहे अशी संगीतिका निवडा. आणि सोमवारी जाऊ नका, बहुतेक थिएटरं त्या दिवशी बंद असतात.